हरणाच्या कानातला कागद: पेनसिल्वेनियात शिकारीचा टॅग आणि नोंद, पायरीपायरीने

पेनसिल्वेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारायचा हंगाम उघडतो. कचेरीतल्या सहकाऱ्यांबरोबर किंवा शेजाऱ्याच्या ओळखीने रानात जाणारी मराठी माणसंही आता पिट्सबर्ग, फिलाडेल्फियाच्या आसपास भेटतात. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, त्यामुळे परवाना, टॅग, नोंद हे शब्द आपल्या घरात कुणी ऐकलेले नसतात. नेम धरायला माणूस शिकतो, पण नेम लागल्यावर पहिल्या पाच मिनिटांत आणि पुढच्या दहा दिवसांत काय करायचं, हे त्याला कुणी नीट सांगत नाही.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. टॅग म्हणजे परवान्यासोबत मिळणारा कागद, मारलेल्या हरणाचा तपशील भरून त्याच्या कानाला लावायचा. टॅग लावणं आणि नोंद करणं ही दोन वेगळी कामं आहेत. टॅग रानात, हरीण जागेवरून हलवायच्या आधी लावायचा. नोंद मारल्यापासून 10 दिवसांच्या आत गेम कमिशनकडे, म्हणजे राज्यातली शिकार बघणाऱ्या खात्याकडे, करायची. टॅग लावला म्हणून नोंद माफ होत नाही, आणि नोंद केली म्हणून टॅग नसलेलं हरीण कायदेशीर ठरत नाही. यातलं एकही चुकलं तरी तो गुन्हा धरला जातो.

हंगामाआधी

परवान्याचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. राज्यातल्या रहिवासी प्रौढाला सर्वसाधारण परवाना साधारण 21 डॉलरला मिळतो. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला त्याआधी हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, त्यासाठी किमान वय 11 वर्षं. सर्वसाधारण परवान्यासोबत शिंगांच्या नराचा टॅग येतो. वर्षाला शिंगांचा नर एकच. शिंगं नसलेल्या हरणासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. तो ठरावीक वन्यजीव व्यवस्थापन विभागापुरताच, म्हणजे डब्ल्यूएमयूपुरताच चालतो. या विभागांची नावं 2जी, 4ए, 5सी अशी असतात. 2जीचा टॅग रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या विभागात चालत नाही, आणि विभागांच्या हद्दी बहुतेक रस्त्यांवरून आणि नद्यांवरूनच जातात. कुठल्या फाट्याला विभाग बदलतो हे आदल्या रात्री नकाशावर बघून ठेवा.

व्हिसावर असलेल्यांनी इथे थांबून वाचावं. फेडरल कायद्यानुसार एच-1बी, एफ-1 अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्या बंदीला असलेल्या अपवादांपैकी एक आहे. परवान्याची मुदत 30 जूनला संपली की तुमचा हा आधारही त्याच दिवशी संपतो. त्यामुळे बंदूक घेण्याआधी, किंवा मित्राची बंदूक हातात घेण्याआधीसुद्धा, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारलेलं बरं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

टॅग घरी आल्या आल्या वाचून काढा. त्यावर काय काय भरायचं आहे ते घरच्या उजेडात एकदा बघितलेलं असलं की रानात गडबड होत नाही. तारीख किंवा वेळ मात्र आधी भरून ठेवू नका. न मारलेल्या हरणाची तारीख टाकलेला टॅग वॉर्डनच्या, म्हणजे कमिशनच्या रानातल्या अधिकाऱ्याच्या, हाती लागला, तर तुम्हाला सांगण्यासारखं काही उरत नाही.

खिशात एवढं हवं: परवाना आणि टॅग एका झिपच्या छोट्या पिशवीत, दोन बॉलपेनं, हातभर सुतळी, चार-पाच प्लास्टिकचे झिपटाय, छोटी सुरी आणि डोक्याला बांधायची बॅटरी. दोन बॉलपेनं मुद्दाम सांगितली आहेत. डिसेंबरच्या सकाळी पारा शून्याखाली असतो, बाहेरच्या खिशातल्या पेनातली शाई थिजते आणि कागदावर नुसता ओरखडा उठतो. पेन अंगाला लागून असलेल्या आतल्या खिशात ठेवा. जेल पेन नकोच, त्याची शाई रक्ताच्या किंवा बर्फाच्या एका थेंबाने पसरते.

नर की मादी: टॅगच्या दृष्टीने

कुठला टॅग लावायचा हे हरणाच्या लिंगावर ठरत नाही, शिंगांवर ठरतं. दोन्ही शिंगं 3 इंचांपेक्षा लहान असतील तर ते हरीण शिंगं नसलेल्यांत मोजलं जातं, मग ते नर असलं तरी. त्यामुळे डोक्यावर नुसते गुंडे असलेलं नर पाडस शिंगं नसलेल्या हरणाच्या टॅगवर जातं. जानेवारीत शिंगं गळून पडलेला मोठा नरही त्याच टॅगवर.

शिंगांच्या नराला टोकांचीही अट आहे. राज्याच्या बहुतेक भागात एका बाजूला किमान 3 टोकं लागतात. पश्चिमेकडच्या काही विभागांत कपाळाजवळचं टोक न धरता 3 लागतात. टोक म्हणजे बुडापासून किमान 1 इंच लांब असलेलं, आणि मुख्य शिंगाचा शेंडाही एक टोक म्हणून धरला जातो. लहान मुलांना आणि इतर काही शिकाऱ्यांना यात सूट आहे. ती कमिशनच्या दरवर्षीच्या नियमांच्या पुस्तिकेत दिलेली असते, तिथेच बघा.

गोळी लागल्यानंतर

हरीण जागीच पडलं तर प्रश्न नाही. पळालं तर निदान अर्धा तास थांबा. लगेच मागे धावलात तर जखमी जनावर आणखी मैलभर जातं आणि सापडत नाही. रक्ताच्या मागावर जाताना ते दुसऱ्याच्या खासगी जमिनीत गेलं असेल, तर मालकाची परवानगी घेतल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

जवळ जाताना पाठीकडून जा. लांब काडीने डोळ्याच्या बुबुळाला हात लावून बघा. पापणी हलली नाही म्हणजे जीव गेला आहे. मग बंदूक रिकामी करा, बाजूला ठेवा आणि हातमोजे काढा. मोजे घालून टॅगवर लिहिलेलं अक्षर कुणालाच वाचता येत नाही.

आता टॅग भरा. फोटो काढायच्या आधी, पोट फाडायच्या आधी, पायाला दोरी बांधून ओढायच्या आधी. कायद्याचे शब्द साधे आहेत: मारल्यावर लगेच, आणि हरीण जागेवरून हलवायच्या आधी. गाडीपर्यंत नेऊन मग भरू, तिथे टेकायला जागा आहे, असं मनात येतं. वॉर्डन गाडीपाशीच उभा असतो.

टॅगवर तारीख, वेळ, विभाग, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) आणि टाउनशिप (काउंटीतला लहान भाग) येते. शिंगांचा नर असेल तर डाव्या-उजव्या टोकांची संख्याही. शिंगं नसलेल्याला नर की मादी आणि प्रौढ की पाडस हे विचारलेलं असतं. बहुतेकांचं घोडं टाउनशिपपाशी अडतं. काउंटी सगळ्यांना माहीत असते, टाउनशिप मात्र आपण राहतो त्या गावाची लिहून टाकली जाते. जिथे हरीण पडलं ती टाउनशिप लिहायची. सकाळी बसायच्या जागेची टाउनशिप फोनमध्ये लिहून ठेवा. माग काढत लांब गेला असाल तर फोनवरच्या नकाशात पुन्हा तपासा. नेटवर्क नसतं म्हणून नकाशा आधीच उतरवून घेतलेला असू द्या.

प्रौढ की पाडस हे ओळखायला तोंडाकडे बघा. पाडसाचं नाकाड आखूड आणि बसकं असतं, प्रौढ मादीचं लांबट. खात्री नसेल तर गाल मागे ओढून खालच्या जबड्यातल्या दाढा मोजा. पाडसाला एका बाजूला चार-पाच दिसतात, प्रौढाला सहा. दीड वर्षाच्या हरणाची तिसरी दाढ बहुधा अजून दुधाची असते आणि तिला तीन उंचवटे असतात. पक्की दाढ आली की तिला दोनच. पाडसाच्या डोक्यावर अंगठा फिरवून बघा. कातडीखाली वाटाण्याएवढे दोन गुंडे हाताला लागले तर ते नर पाडस. खूप जण अशाला मादी म्हणून नोंदवतात, आणि मग त्या विभागात किती माद्या मारल्या गेल्या हा आकडा फुगतो.

टॅग कानाला लावायचा. कानाच्या कडेपासून साधारण 1 इंच आत, कानातल्या कूर्चेच्या दोन शिरांमध्ये, सुरीच्या टोकाने छोटी चीर द्या आणि तिच्यातून सुतळी किंवा झिपटाय ओवा. कडेला फार जवळ चीर दिली तर हरीण झुडपातून ओढताना कान फाटून टॅग गळतो. डोकं भिंतीवर टांगायला टॅक्सिडर्मिस्टकडे द्यायचं असेल तर कानाला भोक पाडू नका. कानाच्या बुडाभोवती सुतळी घट्ट गुंडाळून तिला टॅग बांधा. कागद घडी करून झिपच्या छोट्या पिशवीत घातला तर रक्त आणि बर्फ लागत नाही, पण पिशवी कानाला घट्ट बांधलेली हवी. टॅग खिशात ठेवला तर तो लावलेला धरत नाहीत.

लावून झाला की टॅगचा आणि हरणाच्या डोक्याचा एक स्वच्छ फोटो घ्या. रात्री नोंद करताना टॅगवरचा नंबर त्यातूनच वाचता येतो.

मग कोथळा काढा, ओढा, गाडीत घाला. हंगामात रानात असताना डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच चमकतं नारिंगी कापड अंगावर असावं लागतं. हरीण ओढताना जाकीट काढायचा मोह होतो, काढू नका. ओढताना शिंगांना किंवा डोक्याला दोरी बांधून डोकं पुढे ठेवा. केस बुडापासून शेंड्याकडे सपाट पडतात, ओढायला सोपं जातं आणि कानही मागे झुकलेला राहतो.

एकाच दिवशी दुसरं हरीण दिसलं आणि टॅग शिल्लक असेल, तरी पहिल्याला टॅग लावूनच दुसऱ्याचा विचार करा. बायकोचा किंवा मित्राचा टॅग आपल्या हरणाला लावणं बेकायदा आहे, दोघांनाही महागात पडतं.

चुकीचं हरीण पडलं तर

धुक्यात तीन टोकं मोजली आणि जवळ गेल्यावर दोनच निघाली, असं दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतं. अशा हरणाचा कोथळा काढायचा. मग 12 तासांच्या आत त्या काउंटीतल्या गेम वॉर्डनकडे ते पोचवायचं आणि चूक कशी झाली ते लेखी द्यायचं. मांस तुम्हाला मिळत नाही आणि भरपाई भरावी लागते, पण आपणहून कळवलेली चूक आणि लपवलेलं हरीण यांची शिक्षा एक नसते. रानातच सोडून येणं हा सगळ्यांत वाईट मार्ग, कारण मग चुकून मारणं आणि मारलेलं वाया घालवणं असे दोन गुन्हे होतात.

दहा दिवसांच्या आतली नोंद

नोंद तीन प्रकारे करता येते: कमिशनच्या हंटफिशपीए या संकेतस्थळावर, टोल-फ्री फोनवर, किंवा पुस्तिकेतल्या टपालखर्च भरलेल्या कार्डावर. संकेतस्थळ सगळ्यांत बरं. फोनवरही काम होतं, फक्त ग्राहक क्रमांक आणि टॅग समोर ठेवून बोला. कार्ड वाटेत हरवलं तरी नोंद झाली की नाही हे तुम्हाला कळत नाही. टपालाचा मार्ग इंटरनेट नसलेल्यांसाठी ठेवला आहे, तुम्ही तो धरू नका.

आत गेल्यावर टॅग क्रमांक, तारीख, विभाग, काउंटी, टाउनशिप, टोकं किंवा लिंग-वय आणि हत्यार (बंदूक, धनुष्य की क्रॉसबो) असं भरायचं असतं. प्रत्येक टॅगची नोंद स्वतंत्र. टॅगवर लिहिलेलं आणि नोंदीत भरलेलं तंतोतंत जुळायला हवं, त्यासाठीच तो फोटो. शेवटी मिळालेला पुष्टी क्रमांक वहीत लिहून ठेवा. नोंद झाल्याचा पुरावा तोच.

10 दिवस म्हणजे भरपूर वेळ, असं वाटतं आणि तिथेच घात होतो. हरीण प्रोसेसरकडे, म्हणजे मांस कापून देणाऱ्याकडे, टाकून आलं की काम संपल्यासारखं वाटतं, आठवड्यात सणाचे पाहुणे येतात, आणि टॅगचा कागद प्रोसेसरकडेच राहतो. घरी परतल्यावर हात धुऊन चहा ठेवता ठेवता नोंद करून टाकावी. पाच मिनिटं लागतात.

आता, ही नोंद एवढी का महत्त्वाची. राज्यात दरवर्षी चार लाखांच्या आसपास हरणं मारली जातात. 2023-24च्या हंगामाचा कमिशनचा अंदाज 4,30,010 होता. हा आकडा नुसत्या नोंदी मोजून येत नाही, कारण नोंद करणारे शिकारी एक-तृतीयांशाच्या आसपास असतात. मग कमिशनची माणसं हंगामात प्रोसेसरांकडे फिरतात, हजारो हरणांच्या कानातले टॅग वाचतात, दाढा बघून वय लिहितात, आणि त्यातल्या किती टॅगांची नोंद आली ते यादीशी ताडून बघतात. समजा त्यांनी एका विभागात 100 नर बघितले आणि त्यातल्या 35 जणांची नोंद यादीत सापडली. त्या विभागातून नरांच्या एकूण 700 नोंदी आल्या असतील तर मारलेले नर साधारण 2,000 धरले जातात. असंच प्रत्येक विभागात, शिंगांच्या आणि बिनशिंगांच्या हरणांचं वेगळं.

या हिशेबात तुमच्या हातचं अक्षर कुठे बसतं बघा. प्रोसेसरकडच्या हरणाच्या कानात टॅग नसेल किंवा तो वाचता येत नसेल, तर ते हरीण ताडून बघायला उपयोगाचं राहत नाही. टाउनशिप किंवा विभाग चुकीचा असेल तर ते भलत्या खात्यात जातं. पुढच्या वर्षी त्या विभागात शिंगं नसलेल्या हरणांचे किती परवाने द्यायचे, हे याच आकड्यांवरून ठरतं. परवाने जास्त सुटले तर रानातल्या माद्या कमी होतात. कमी सुटले तर हरणं वाढतात आणि ओकची कोवळी रोपं, शेतातला मका खाऊन टाकतात. कानातला तो कागद आणि संगणकावरची नोंद एकमेकांना जोडलेली असतात, आणि जोडणारा दुवा म्हणजे तुम्ही बॉलपेनाने लिहिलेले ते आकडे.

डीएमएपीचा परवाना (ठरावीक जमिनीवर शिंगं नसलेलं हरीण मारायला मिळणारा जादा परवाना) घेतला असेल तर आणखी एक: या परवान्यावर काही मारलं नाही तरी तसं कळवावं लागतं. आणि अस्वल किंवा एल्क मारलं तर गोष्टच वेगळी. ते 24 तासांच्या आत तपासणी केंद्रावर न्यावं लागतं, तिथे 10 दिवसांचा हिशेब चालत नाही.

प्रोसेसर, सीडब्ल्यूडी आणि डोक्याचा डबा

टॅग हरणावर किती दिवस ठेवायचा? मांस खाण्यासाठी कापून होईपर्यंत, किंवा डोकं टांगण्यासाठी तयार होईपर्यंत. घरी गॅरेजमध्ये हरीण टांगलं आहे आणि टॅग फ्रिजवर चुंबकाने लावला आहे, असं चालत नाही.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे सीडब्ल्यूडी, या राज्यात 2012 साली पहिल्यांदा सापडला. बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणारा हा मेंदूचा रोग आहे आणि त्याला औषध नाही. माणसाला झाल्याचं आजवर आढळलेलं नाही, तरी रोग निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नका, असाच आरोग्य खात्यांचा सल्ला आहे. ज्या भागात रोग आहे तिथे रोग-व्यवस्थापन क्षेत्रं आखली आहेत. अशा क्षेत्रातून डोकं, पाठीचा कणा आणि प्लीहा असे धोक्याचे भाग बाहेर न्यायला बंदी आहे. हाडांपासून सोडवलेलं मांस आणि मेंदूचा अंशही न उरलेली स्वच्छ कवटी-शिंगं नेता येतात. न्यू जर्सीत किंवा न्यूयॉर्कमध्ये राहून पेनसिल्वेनियात शिकारीला येणाऱ्या मंडळींनी अख्खं हरीण डिकीत घालून पूल ओलांडू नये. त्या राज्यांचे आपले नियम आहेत आणि ते कडक आहेत. इथेच मांस सोडवून न्या.

रोगाच्या क्षेत्रांत कमिशनने डोकी गोळा करायचे मोठे लोखंडी डबे ठेवलेले असतात, तपासणी फुकट होते. पद्धत अशी: मान डोक्याच्या खाली साधारण वीतभर सोडून कापा, कारण तपासणीला लागणाऱ्या गाठी घशाजवळ असतात. नर असेल तर शिंगं काढून घ्या. टॅग कानालाच राहू द्या आणि त्यावरचं सगळं वाचता येतं का ते बघा, कारण निकाल तुम्हाला कळवायचा तर नाव-पत्ता त्या टॅगवरूनच शोधतात. डोकं दोन पिशव्यांत बांधून डब्यात टाका. टॅग डोक्यासोबत गेल्यामुळे मांसाच्या पिशवीवर आपलं नाव, परवाना क्रमांक आणि मारल्याची तारीख मार्करने लिहा, आणि टॅगचा फोटो फोनमध्ये राहू द्या.

निकाल यायला काही आठवडे लागतात. तोवर त्या हरणाचं मांस डीप फ्रीझरच्या एका कप्प्यात वेगळं ठेवा, दुसऱ्या हरणाच्या खिम्यात मिसळू नका. प्रोसेसरला सॉसेज करायला देणार असाल तर तुमचं मांस वेगळं करून मिळेल का ते आधी विचारा. बरेच जण चार-पाच हरणांचं मांस एकत्र दळतात, आणि मग एका हरणाचा निकाल वाईट आला की सगळ्यांचंच टाकावं लागतं.

फ्रीझर भरून वाहायला लागला तर मांस देऊनही टाकता येतं. 1991पासून चालत आलेला हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट हा उपक्रम सहभागी प्रोसेसरांकडे दिलेलं हरीण अन्नपेढ्यांपर्यंत पोचवतो. दान दिलेल्या हरणालाही टॅग लागतो आणि 10 दिवसांच्या आतली नोंदही, ती तुमच्याच नावावर. प्रोसेसरच्या दारात हरीण उतरवलं की तिथल्या तिथे, गाडीत बसूनच, फोनवर नोंद करून टाका.